पुढच्या सीटवर कोण होतं

इथे परदेशातल्या आमच्या वसईकर मंडळाच्या मागच्या नाताळ अंकात ‘हँडल माझ्या हाती’ नावाचा माझा लेख आला होता. किचनर ते फर्गस असा दोघांच्या सायकलवरून, म्हणजे टँडेमवरून, केलेला प्रवास त्यात होता. ज्यांना तो आवडला त्यांचे आभार. ज्यांनी त्याचे फोटो काढून वसईला माझ्या भावंडांकडे पाठवले, त्यांनी कृपा करून हा लेखही पाठवावा. त्या लेखात गावांची नावं, नदी आणि जुलै महिना एवढंच भरवशाचं होतं.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. चर्चमध्ये पापनिवेदन करून झालं. फादर फिलिपिनो आहेत. त्यांना टँडेम म्हणजे काय हे समजावण्यातच वेळ गेला, आणि त्यांनी क्षमा बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी पापाला दिली. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे. या वेळी रस्ता तोच, माणसं त्यांच्या त्यांच्या जागी.

किचनर

आमचा मुलगा नेल्सन इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही नवराबायको राहतो. लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला त्याने ड्राइव्हवेवर एक लांबलचक लाल सायकल आणून उभी केली आणि म्हणाला, “डॅडी, यू यूज्ड टु सायकल टु द स्टेशन एव्हरी डे, राइट?”

ही गोष्ट मीच त्याला लहानपणी सांगितली होती. अभ्यासाचा कंटाळा केला की सांगायचो. तुझा बाप रोज पहाटे सायकल मारत स्टेशनवर जायचा, भर पावसातही. यातला पाऊस खरा होता. सायकल शेजारच्या बस्त्यावची होती आणि मी कॅरिअरवर बसायचो. अकरा वर्षं बसलो. लहानपणी सायकल शिकताना एकदा वाडीच्या पाटात पडलो, तेव्हापासून सरळ रस्त्यावर मला दहावीस हात जाता येतं. वळण आलं की मी उतरतो.

माझी बायको फिलोमिना शिक्षिका होती. भुईगावहून शाळेपर्यंत ती बत्तीस वर्षं सायकलने गेली, साडी खोचून, मागे वह्यांचा गठ्ठा बांधून. ती माझ्याकडे बघत होती.

ज्यांना टँडेम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढचा माणूस वळवतो, ब्रेक लावतो, गिअर बदलतो. मागच्यालाही हँडल असतं, पण ते वळत नाही. नुसतं धरायला असतं. दोघांची पेडलं एका साखळीने जोडलेली, त्यामुळे मागच्याने काडीचा जोर लावला नाही तरी त्याचे पाय छान गोल गोल फिरत राहतात. ही सोय ज्याने शोधली तो माझ्यासारखाच निवृत्त गृहस्थ असावा.

नेल्सन आत गेल्यावर आम्ही चाचणी घेतली. मी पुढे बसलो आणि शेजाऱ्यांच्या निळ्या रिसायकलिंगच्या डब्यात गेलो.

“उतर,” फिलोमिना म्हणाली. आम्ही घरी सामवेदी, म्हणजे आमची वसईकडची बोली, बोलतो. छापायची तर निम्म्या वाचकांना कळायची नाही, म्हणून इथे साध्या मराठीत लिहितो. “मी बसते पुढे.”

“लोक काय म्हणतील?”

“इथे लोक कुठे आहेत? मका आहे.”

शेवटी तह झाला. मोकळ्या रस्त्याला ती पुढे. गाव दिसू लागलं की उतरायचं, मी पुढचं हँडल धरायचं आणि आत्ताच चालवणं थांबवल्यासारखा चेहरा करून गावातून सायकल ढकलत न्यायची. गाव संपलं की पुन्हा ती पुढे. मागच्या लेखात मी ‘वाटेतली प्रत्येक वस्ती पायी फिरून पाहिली’ असं लिहिलं होतं, त्याचा अर्थ हा.

सेंट जेकब्सच्या पुढे

सकाळी सातला निघालो. पिशवीत चिकन इंद्याल, म्हणजे आमच्याकडचं मसालेदार चिकन, भरलेले पाव आणि वसईहून आलेली सुकेळी होती. सायकलवाल्यांसाठी इथे चकचकीत कागदातली, पुठ्ठ्याच्या चवीची पौष्टिक वडी मिळते. तिच्यापुढे आमच्या उन्हात वाळवलेल्या केळ्याला मी कधीही पुढची सीट देईन.

सेंट जेकब्स सोडलं की जुन्या पद्धतीने राहणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या लोकांची शेतं सुरू होतात. काळे कपडे, घोड्याच्या बग्ग्या, दोरीवर रंगाप्रमाणे वाळत घातलेले कपडे. मोटार नाही, टीव्ही नाही. समोरून बग्गी आली की हाकणारा लगामावरचं एक बोट उचलतो. तो त्यांचा नमस्कार. पिकअप ट्रकवालेही स्टिअरिंगवरचं एकच बोट उचलतात. वसईत ओळखीचा भेटला की सायकल थांबवून तीन पिढ्यांची चौकशी होते. इथे सगळं एका बोटात उरकतं. मीही बोट उचलू लागलो. मागे बसल्यामुळे माझे दोन्ही हात मोकळेच होते.

एका शेतघरापुढे टेबल मांडून एक बाई मक्याची कणसं विकत होती. डोक्याला पांढरी टोपी, पायात जाड बूट. तिने सायकल निरखून पाहिली आणि विचारलं, “हू स्टिअर्स?”

“आय डू,” मी म्हणालो.

फिलोमिना कणसं सोलून दाणे बघत होती. मान वर न करता म्हणाली, “ऑन्ली इन फोटोज.”

बाई हसली. मी कॅमेरा काढला तेव्हा तिने हात आडवा धरला. त्या लोकांना स्वतःचे फोटो चालत नाहीत; अहंकार वाढतो म्हणतात. मग मी फिलोमिनाला कॅमेरा दिला आणि पुढच्या पेडलवर पाय ठेवून, दूरवर नजर लावून उभा राहिलो. मागच्या लेखाच्या पहिल्या पानावर जो छापला होता, तो हाच फोटो.

झाकलेला पूल

पुढे ग्रँड नदीवर लाकडी छपराचा जुना पूल लागतो. बर्फाने फळ्या कुजू नयेत म्हणून पुलालाच घर बांधलंय. आत काळोख, घोड्यांच्या शेणाचा वास, फटींतून खाली चमकणारं पाणी. पुलाच्या आत कोणी नव्हतं, म्हणून आम्ही जागा न बदलता तो पार केला. मला तो दिवसभरात सगळ्यात जास्त आवडला.

पुलानंतर चढ आहे. मागच्या लेखातलं वाक्य असं होतं: ‘या जीवघेण्या चढावर पत्नीचा धीर सुटू लागला, पण मी तिला म्हणालो, भिऊ नकोस, मी आहे.’

प्रत्यक्षात ती म्हणाली, “इनास, जोर लावतोयस ना?”

“लावतोय.”

“मग एवढं जड का जातंय?”

“इथले चढ फसवे असतात. दिसत नाहीत, पण असतात.”

तिने पेडल मारणं थांबवलं. सायकल दोन हात पुढे गेली, जागच्या जागी उभी राहिली आणि मग अगदी सावकाश मागे घरंगळू लागली. फिलोमिनाने ब्रेक दाबला, पाय टेकला आणि माझ्याकडे वळूनही न बघता पदराने, म्हणजे गळ्यातल्या स्कार्फने, घाम पुसला.

“आता दिसला चढ?” ती म्हणाली.

त्यानंतर मी जोर लावला. खरंच लावला. अर्धा तास तरी.

एलोरा

एलोरा या गावाचं नाव आपल्या वेरूळवरून पडलेलं आहे. कोणा स्कॉटिश घराण्याच्या जहाजाला वेरूळचं नाव होतं आणि जहाजावरून ते गावाला आलं. मागच्या लेखात यावर मी दीड पान खर्चलं होतं. सातासमुद्रापार महाराष्ट्राची मुद्रा, अभिमानाने भरून आलेला ऊर, डोळ्यांत पाणी, वगैरे. मी वेरूळला कधीही गेलेलो नाही. आमच्या ऑफिसची सहल गेली होती, तेव्हा मी आजारपणाची रजा घेतली होती. डोळ्यांत पाणी होतं ते मागच्या सीटवर जे सोसावं लागतं त्यामुळे.

दरीच्या कडेला बसून आम्ही जेवलो. खाली नदीने चुनखडीचा दगड उभा कापून काढलाय. कड्यावरून देवदार लोंबतात. एका बेकरीतून बटर टार्ट आणली. पातळ गुळासारखं सारण, ते हनुवटीवरून शर्टात जातं. फिलोमिना पाय पसरून बसली होती. गाल लाल झाले होते. म्हणाली, “शाळेतून घरी येताना वारा मागून असला की असंच वाटायचं. रिटायर झाल्यापासून विसरले होते.”

तिने नंतर आणखी एक टार्ट खाल्ली. पुढच्या वर्षी थेट ह्युरॉन सरोवरापर्यंत जाऊ म्हणाली. नकाशावर बोटाने रस्ता दाखवला, वाटेत कुठे कुठे राहायचं तेही ठरवलं. मागच्या लेखात हे काहीच नव्हतं. त्यात ती दमून झोपली होती.

फर्गस

एलोराहून फर्गस जवळच. स्कॉटलंडहून आलेल्यांनी वसवलेलं गाव. घरं करड्या दगडाची, भिंती जाड, खिडक्या लहान. कुठल्याशा अंगणात बॅगपाइपचा सराव चालला होता. कापड दुकानाच्या काचेत चौकड्यांचे झगे, म्हणजे पुरुषांनी नेसायचे किल्ट, टांगलेले. इथली माणसं सहा पिढ्यांपूर्वी आली, स्कॉटलंड कोणी पाहिलेलं नाही, पण वर्षातून एकदा सगळे झगे नेसतात, ओंडके फेकतात आणि आपल्या डोंगरांच्या आठवणीने गहिवरतात. मला हसू आलं. मग आमच्या मंडळाचा मेळावा आठवला. ब्रॅम्प्टनमध्ये जन्मलेल्या मुली वर्षातून एक दिवस लाल लुगडं पिनांनी जागच्या जागी बसवतात, विहिरीवरच्या गाण्यावर नाचतात आणि घरी जाताना आजीला विचारतात, ग्रँडमा, व्हॉट एक्झॅक्टली इज अ वेल? तेव्हा हसू थांबवलं.

गावाची पाटी दिसली. तहाप्रमाणे उतरलो. मी पुढचं हँडल धरलं. रस्ता पुलाकडे थोडा उतरता होता. आणि पुलाजवळच्या आइसक्रीमच्या दुकानाबाहेर, बाकावर, मला पास्कू दिसला.

पास्कू एटोबिकोला राहतो. आमच्या मंडळाचा अध्यक्ष. चांगला माणूस आहे, पण त्याला दिसलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मिसिसागाला पोचते. त्याने आम्हाला पाहिलं, हात वर केला आणि ओरडला, “अरे इनास, सायकल चालवायची असते, फिरायला न्यायची नसते.”

“बस मागे,” मी फिलोमिनाला म्हणालो.

“कशाला? चालत जाऊ. पन्नास पावलं तर आहेत.”

“बस म्हणतो ना.”

“इनास, उतार आहे. तुला वळवता येत नाही.”

“सरळच आहे रस्ता.”

ती बसली. पंचेचाळीस वर्षांत तिने माझ्या कितीतरी मूर्खपणाला अशीच साथ दिली, हा तिचा एकमेव दोष. मी पुढे बसलो. सायकल सुटली. रस्ता सरळच होता. पण बाकापाशी पोचल्यावर पास्कूकडे बघून हात करावा असं मला वाटलं, आणि मी एक हात सोडला.

हँडल आडवं झालं. मी तिच्यावर पडलो आणि ती डाव्या मनगटावर. मला खरचटलंसुद्धा नाही.

पास्कू आइसक्रीम टाकून धावत आला. “काय झालं? कसं झालं?”

मी रस्त्यावर बसलो होतो. फिलोमिना मनगट धरून, ओठ घट्ट मिटून बसली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, “तिचा मागे तोल गेला.”

ते वाक्य मी ठरवून बोललो नाही. पण हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं तेव्हा पुन्हा बोललो. तासाभराने नेल्सन गाडी घेऊन आला तेव्हा तिसऱ्यांदा. तोवर त्याला चांगला आकार आला होता. फिलोमिना प्लास्टर घालून बाहेर आली तेव्हा नेल्सन तिला म्हणाला, “मम्मी, यू लॉस्ट युअर बॅलन्स?” तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “चहा मिळेल का कुठे?”

मी मशीनमधून कॉफी आणून दिली.

पुन्हा किचनर

प्रवासवर्णन खरं तर इथे संपतं. मागच्या लेखात ते फर्गसलाच संपवलं होतं, सूर्यास्तावर. पण त्या चार शब्दांचा प्रवास पुढे चालू राहिला, तो सांगायला हवा.

‘तोल जातो’ असं एकदा ठरलं की घर कामाला लागतं. नेल्सनने वॉशरूममध्ये भिंतीला दांडा बसवला. जिन्याला दुसरा कठडा आला. सायकल गॅरेजच्या छताखाली हुकांना टांगली गेली. फिलोमिना म्हणाली, “हाड सांधलं की मी पुन्हा चालवणार,” तर नेल्सन म्हणाला, “मम्मी, धिस इज नॉट अ डिबेट.” बर्फ पडू लागल्यावर तिला ग्रोसरीला जायची बंदी झाली. नाताळात पास्कूने तिला भेट म्हणून काठी आणली, चार पायांची, अगदी मनापासून. चर्चच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी बायका तिचे दंड धरू लागल्या. त्याच सुमारास माझा लेख छापून आला आणि लोक मला म्हणू लागले, “बायकोला एवढं सांभाळून नेता, कमाल आहे.”

जुलैत जी बाई मला चढावरून ओढत घेऊन गेली होती, तिला फेब्रुवारीपर्यंत मी म्हातारी करून ठेवली. एका वाक्यात. ती भांडली नाही. हळूहळू कठडा धरू मात्र लागली. ते मला बघवेना.

मे महिन्यात नेल्सनने सांगितलं की शनिवारी पॅरिशच्या गॅरेज सेलला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या विक्रीला, तो सायकल देऊन टाकणार आहे. फिलोमिना “बरं” म्हणाली आणि भांडी पुसत राहिली. त्याच संध्याकाळी मी हे लिहायला बसलो. दोन दिवसांत इथपर्यंत आलो आणि गुरुवारी कागद तिच्यापुढे ठेवले.

तिने चष्मा लावला. सवयीने लाल पेन घेतलं. सगळं वाचलं. ‘जोर लावला, अर्धा तास तरी’ या ओळीपाशी समासात ‘दहा मिनिटे’ असं लिहिलं. मग कागद नीट जुळवून परत दिले.

“बरं लिहिलंयस. अंक कधी निघतो?”

“नाताळात.”

“सायकल शनिवारी जाते.” तिने पेनाला टोपण लावलं. “आणि नेल्सनला मराठी वाचता येतं का?”

येत नाही. घरातलं बोलणं त्याला कळतं, पण वाचायला आम्हीच शिकवलं नाही. खरं सांगायचं ठरवलं तेही मी अशा भाषेत, जी माझ्या घरात ज्याने वाचायला हवी त्यालाच वाचता येत नाही. मंडळाचे दोनशे वाचक मला क्षमा करणार होते, आणि वर गॅरेजमध्ये नेल्सन हुक सैल करणार होता.

मी जिना चढून वर गेलो. नेल्सन किचनच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. मराठीत मी या गोष्टीला एवढी पानं घेतली. इंग्रजीत मला सजवता येत नाही, त्यामुळे चार वाक्यांत झालं. आय वॉज इन फ्रंट. आय टुक माय हँड ऑफ. शी डिड नॉट लूज बॅलन्स. आय कॅनॉट रियली सायकल.

नेल्सनने लॅपटॉप मिटला. “द स्टेशन?” त्याने विचारलं.

“बस्त्यावच्या कॅरिअरवर.”

त्याने कपाळ चोळलं. मागोमाग फिलोमिना वर आली होती. दारात उभी होती. तो तिच्याकडे वळला. “मम्मी, टेन मंथ्स. व्हाय डिडंट यू से एनीथिंग?”

“मला कोणी विचारलं?” ती म्हणाली. “सगळ्यांनी डॅडीला विचारलं. नर्सने डॅडीला, पास्कूने डॅडीला. तू मला विचारलंस, पण उत्तर सोबत घेऊनच आला होतास.”

तो उठला आणि गॅरेजमध्ये गेला. माझ्याशी तो अजून नीट बोलत नाही, हेही इथे नोंदवतो. पण सायकल खाली आली.

फिलोमिना पुढच्या सीटवर बसली. एक पाय जमिनीला. उजवा ब्रेक दाबला, घट्ट बसला. डावा दाबायला गेली. बोटं अर्ध्यावर जाऊन थांबली. तिने पुन्हा प्रयत्न केला. मनगट सांधलंय, पण मुठीत पूर्वीचा जोर उरलेला नाही. आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत होतो. मी जे लिहिलं त्याने आणि जे बोललो त्याने ती मूठ मिटणार नव्हती.

“एका ब्रेकवर नाही जाता यायचं, मम्मी,” नेल्सन इंग्रजीत म्हणाला, या वेळी हळू आवाजात.

तिने मागे वळून त्या न वळणाऱ्या हँडलकडे बघितलं.

“हा डावा ब्रेक मागे बसवता येईल?”

नेल्सनने वाकून केबल पाहिली. “आय थिंक सो.”

शनिवारी दुपारपर्यंत त्याने लांब केबल आणून ब्रेक माझ्या हँडलवर बसवला. फिलोमिना पुढे बसली, मी मागे. समोर मला फक्त तिची पाठ, हेल्मेट आणि मानेवरचे पांढरे केस दिसत होते. रस्ता दिसत नव्हता.

“ऐक,” ती पुढे बघतच म्हणाली. “मी ‘हं’ म्हणाले की दाबायचा. मी म्हणाले तरच. स्वतःच्या डोक्याने नाही.”

“बरं.”

“आणि दोन्ही हात हँडलवर.”

ड्राइव्हवेचा उतार सुरू झाला. मी ब्रेकवर बोटं ठेवली आणि तिच्या आवाजाकडे कान लावून बसलो.